ताबा, वास्तुशांत आणि सामान: नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना तीन तारखा वेगळ्या ठेवा

‘फ्लॅट तयार आहे, ताबा घ्या’ असं बिल्डरचं पत्र आलं की घरात पहिला विषय निघतो मुहूर्ताचा. पंचांग निघतं, गुरुजींना फोन जातो. तारीख ठरली की ताबा, वास्तुशांत आणि सामानाचा टेम्पो सगळं त्या एकाच आठवड्यात कोंबलं जातं. माझं सांगणं एवढंच आहे की या तीन गोष्टींना तीन वेगळ्या तारखा द्या, आणि ताबा व सामान यांच्यात निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. त्या काळात जुन्या घराचं भाडं आणि नव्या घराचा हप्ता दोन्ही भरावं लागेल. ते जड जातं, मान्य. पण सामानासकट राहायला आल्यावर बाथरूमची फरशी उखडायची वेळ आली तर त्याहून जास्त पैसे आणि डोकं दोन्ही खर्च होतं.

हे सगळं पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे-कल्याण या पट्ट्यातल्या नव्या सोसायटीत पहिल्यांदाच स्वतःचं घर घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

किल्ली घेण्याआधीचे कागद

सगळ्यात आधी ओसी, म्हणजे महापालिकेचं किंवा नगररचना प्राधिकरणाचं भोगवटा प्रमाणपत्र. ‘अर्ज केलाय, आठ दिवसांत येईल’ याला ओसी म्हणत नाहीत. कागदाची प्रत मागा आणि त्यावर तुमची विंग आणि तुमचा मजला आहे का ते वाचा. मोठ्या प्रकल्पात टप्प्याटप्प्याने भाग-भोगवटा मिळतो. खालच्या मजल्यांना मिळालेलं असतं आणि वरच्यांना किल्ल्या त्याच जोरावर वाटल्या जातात. काही ठिकाणी ‘फर्निचरसाठी आधी किल्ली घ्या’ अशी ऑफर येते. मोजमाप घ्यायला जा हवं तर, पण ओसीशिवाय संसार हलवू नका. पालिकेचं पाणी, बँकेचा शेवटचा हप्ता, पुढे कधी घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाइकाचं कर्ज, सगळं त्या कागदाशी येऊन अडतं.

ओसी असेल तर मात्र ताबा उगाच लांबवू नका. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार, ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो. महाराष्ट्रातल्या नमुना करारात तर बिल्डरची लेखी सूचना आल्यापासून १५ दिवस दिलेले आहेत, आणि त्यानंतर मेंटेनन्स तुमच्या नावावर चढायला लागतो, तुम्ही राहायला या किंवा न या. म्हणून ताबा वेळेवर घ्या, राहायला मात्र सावकाश जा.

ताब्याच्या वेळी एक छापील पत्र पुढे येतं: ‘फ्लॅट पाहिला, सर्व काम समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही.’ तपासणी झाल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. साइटवरचा माणूस म्हणेल, ‘सर, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ फॉर्मॅलिटी असेल तर दोन ओळी हाताने लिहायलाही हरकत नसावी. ‘सोबतच्या यादीतील कामे बाकी आहेत’ असं लिहा, यादी जोडा, दोन्ही प्रतींवर तारीख टाका आणि मग सही करा. मेंटेनन्स एक-दोन वर्षांचा आगाऊ घेतात. तो कशाकशाचा आहे, त्याची फोड लेखी मागून ठेवा. सोसायटी स्थापन झाल्यावर हिशोब मागताना ती कामाला येते.

तपासणी: रिकाम्या घरात, भर उजेडात

इथे वेळ काढा. पूर्ण एक दिवस द्या, आणि सकाळी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये भिंतीचा उंचवटा दिसत नाही, उन्हात लगेच दिसतो. सोबत मोजपट्टी, एक बादली, एक रुपयाचं नाणं, फोनचा चार्जर, खडू आणि चिकटपट्टी एवढंच पुरतं. जिथे दोष दिसेल तिथे खडूने खूण करून फोटो काढायचा.

सुरुवात पाण्यापासून करा, कारण नव्या घरातल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पाण्यातच निघतं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. परत आल्यावर सगळं पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे, गेलेलं हवं. दाराच्या उंबऱ्याशी किंवा कमोडच्या मागे डबकं साचलं असेल तर उतार चुकला. हा दोष पोछा मारून आयुष्यभर सोसावा लागतो किंवा फरशी काढून दुरुस्त करावा लागतो, मधला मार्ग नाही. बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीतही हेच करा. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आत बघा. गवंड्यांनी हात धुतलेलं सिमेंट, वाळू, फरशीचे तुकडे आत बसलेले असतात. ते आता काढलं नाही तर पहिल्याच महिन्यात पाणी तुंबतं आणि ‘तुम्हीच काहीतरी टाकलं असेल’ हे ऐकावं लागतं.

वॉटरप्रूफिंगची खरी परीक्षा म्हणजे ट्रॅपचं तोंड कापडाने घट्ट बंद करून बाथरूममध्ये बोटभर पाणी भरायचं आणि २४ तास तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. त्यासाठी बिल्डरच्या माणसाला खालचं दार उघडून द्यावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट आधी ठरवून घ्या. तसंच तुमच्या वरच्या फ्लॅटचं पाणी तुमच्याकडे येतंय का, हे बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची झडप उघडून टॉर्चने पाहा. पाइपच्या जोडाभोवती पांढरट खार फुटलेला दिसला तर तिथून पाणी झिरपून गेलेलं आहे, आता कोरडं दिसत असलं तरी.

मग फरशी. नाण्याने टकटक करत चला, विशेषतः कोपऱ्यांत आणि दाराजवळ. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द. जिथे फ्रीज, वॉशिंग मशीन किंवा लोखंडी कपाट उभं राहणार आहे तिथली फरशी पोकळ असेल तर ती बदलूनच घ्या, कारण वजन आलं की तडा जाणार. कुठेतरी कडेला, पलंगाखाली जाणारी एखादी किंचित पोकळ निघाली तर मी तिच्यासाठी भांडत बसणार नाही. एक फरशी काढताना शेजारच्या दोन फुटतात आणि नव्या लॉटचा रंग जुळत नाही.

खिडक्यांची स्लाइडिंग पूर्ण सरकवून बघा. खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती सिमेंटने बुजलेली आहेत का ते पाहा. शक्य असेल तर बाहेरच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून बघा. पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची खिडकी आधी, कारण आपल्याकडचा पाऊस त्याच बाजूने झोडपतो.

विजेचं सोपं आहे. चार्जर घेऊन प्रत्येक पॉइंटला लावून बघायचा. बोर्डातल्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली तर पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, ‘टेस्ट’चं बटण असतं, ते दाबल्याबरोबर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे. अर्थिंग मात्र आपल्या ओळखीच्या वायरमनकडून तपासून घ्या, त्यात हौशी प्रयोग नकोत. गीझर, एसी, ओव्हन, वॉशिंग मशीन यांचे मोठे पॉइंट करारात लिहिले आहेत तेवढे आणि तिथेच आहेत का, आणि मंजूर वीजभार तुमच्या घरातल्या एसी-गीझरना पुरणारा आहे का, हेही विचारा.

मोजपट्टी आणलीच आहे तर खोल्या मोजा. रेराच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि तुमच्या वापराची बाल्कनी धरत नाहीत. करारात बाल्कनीचा आकडा वेगळा दिलेला असतो. दोन्ही जुळवून बघा.

शेवटी एक गोष्ट, जी यादीत कुणी लिहीत नाही: प्रत्येक खोलीत उभं राहून फोन लावा. नव्या टॉवरच्या आतल्या बेडरूममध्ये रेंज गायब होते. घरून काम करणाऱ्याला हे ताब्याच्या दिवशी कळलेलं बरं. त्याच फेरीत इमारतीत कोणत्या कंपनीची फायबरची वायर आलेली आहे तेही सुरक्षारक्षकाला विचारून घ्या.

यादी तयार झाली की ती ईमेलने पाठवा. व्हॉट्सअॅपवर ‘हो सर, करतो’ मिळतं, पण तारखेची नोंद ईमेलवरच पक्की राहते. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एकही पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. हे कलम ईमेलमध्ये एका ओळीत लिहून ठेवा. आवाज चढवायची गरज नाही.

भिंत कसली आहे ते आधी विचारा

फर्निचरवाल्याला बोलावण्यापूर्वी साइट इंजिनिअरला हा एक प्रश्न विचारा, कारण याच्यावर बरंच काही ठरतं. गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारती बऱ्याचदा मायवान पद्धतीच्या असतात. अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती आणि स्लॅब एकत्रच घडवतात. अशा घरात जवळजवळ प्रत्येक भिंत आरसीसीची आणि भार पेलणारी असते. त्यात झिरी मारून नवी वायर किंवा पाइप न्यायचा नाही, भिंत पाडून हॉल मोठा करायचा तर विषयच नाही. साध्या ड्रिल मशीनने भोकही पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायरींची नळी गेलेली असते. लपवलेल्या वायरिंगचा आणि प्लंबिंगचा नकाशा बिल्डरकडे असतो. मागितला की मिळतो, न मागता कुणी देत नाही.

दुसरा प्रकार एएसी ब्लॉकचा, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा. या भिंती हलक्या आणि ठिसूळ. त्यात भोक सहज पडतं, पण साधा प्लॅस्टिकचा गट्टू काही दिवसांत ढिला होतो. टीव्ही, भांड्यांचं कपाट, गीझर अशा वजनदार वस्तूंना तिथे लांब फास्टनर किंवा केमिकल अँकर लागतो. या भिंतींवर ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या रेषेत केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या बहुतेक वेळा गिलाव्याच्या असतात. भेगेवर पेन्सिलने दोन्ही टोकांना खूण करा, तारीख लिहा. महिन्याभरात ती वाढली किंवा रुंदावली तर बिल्डरला कळवा, तशीच राहिली तर रंगाच्या वेळी भरून घ्या.

मधला महिना

या काळात कामं एका क्रमाने झाली तर सुखाची होतात. आधी बिल्डरची दुरुस्ती. मग ग्रिल, सेफ्टी डोअर, कबुतरांची जाळी. त्यानंतर वायरिंगमधले बदल आणि एसीचे पाइप, मग लाकूडकाम, मग रंगाचा शेवटचा हात, सगळ्यात शेवटी साफसफाई. सुतार आत असताना रंगारी बोलावला की दोघंही एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात आणि बिल दोघांचंही आपण भरतो.

कबुतरांबद्दल थोडं जास्त सांगतो. पुण्या-मुंबईत रिकामा फ्लॅट म्हणजे कबुतरांना आमंत्रण. एसीच्या कट्ट्यावर एकदा अंडी घातली की पिल्लं उडेपर्यंत तुमचा एसी बसवणारा परत जातो. ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच जाळी लावून टाका. ग्रिलचं डिझाइन मात्र आधी विचारा. नव्या सोसायट्यांत बाहेरून दिसणाऱ्या ग्रिलला एकच नमुना ठरलेला असतो आणि वेगळं लावलं तर काढायला लावतात.

अंतर्गत कामासाठी परत मिळणारी अनामत, कामगारांचे पास, कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा याचे नियम असतात. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ‘राडारोडा उचलून नेण्यासह’ हे शब्द हवेत. नाहीतर काम संपल्यावर जिन्यात पडलेली पोती आणि कापलेली अनामत दोन्ही तुमच्या वाट्याला येतात.

लाकूडकाम संपलं की आठ-दहा दिवस खिडक्या, कपाटं, ड्रॉवर सगळं सताड उघडं ठेवा. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडत राहतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर हे दिवस वाढवा. भारी रंग आणि वॉलपेपरची हौस पहिल्या पावसाळ्यानंतर करा. नव्या गिलाव्यात ओल शिल्लक असते आणि ती रंगाला पोपडे आणल्याशिवाय जात नाही.

पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मशिनचं घाईने बुकिंग करू नका. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत पहिली काही वर्षं टँकर, बोअर आणि जमेल तसं पालिकेचं पाणी अशी सरमिसळ असते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून बघा. धरणाचं मऊ पाणी येत असेल तर यूव्हीचं मशिन पुरतं, बोअरचं जड पाणी असेल तरच आरओ. जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर चढतो आणि नळांवर पांढरे डाग पडतात, त्यामुळे तीन-चार आधीच्या रहिवाशांना विचारून मगच गीझर निवडा.

वास्तुशांत

माझं मत: वास्तुशांत सामान येण्याआधी करा. रिकाम्या हॉलमध्ये पंगत बसते, सतरंज्या पसरता येतात आणि पाहुण्यांच्या गर्दीत कुणाचा पाय उघड्या खोक्यात जात नाही. काही घरांत वास्तुशांतीनंतर घर बंद ठेवत नाहीत, निदान एक रात्र तरी तिथे झोपतात, दिवा लावतात. हे गुरुजींना आणि घरातल्या मोठ्यांना आधीच विचारा, म्हणजे दोन गाद्या आणि पांघरुणं त्या दिवशी न्यायची का ते ठरतं.

हवनाची तयारी नव्या घरात वेगळी करावी लागते. कुंड थेट चकचकीत फरशीवर ठेवू नका. खाली विटांचा थर आणि वाळू घाला, नाहीतर उष्णतेने व्हिट्रिफाइड फरशी तडकते. कुंडाची जागा खिडकीजवळ धरा, पांढऱ्याशुभ्र पीओपीवर काजळी बसली तर निघत नाही. आणि हॉलमध्ये धूर ओळखणारं यंत्र असेल तर सकाळीच सिक्युरिटीच्या केबिनमध्ये सांगून ठेवा. ऐन पूर्णाहुतीच्या वेळी इमारतीचा भोंगा वाजायला नको.

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा हे साडेतीन मुहूर्त गृहप्रवेशाला उत्तम मानतात, आणि म्हणूनच त्या दिवशी सामान हलवू नये. त्याच सोसायटीत आणखी दहा घरं त्याच सकाळी आत शिरत असतात, लिफ्टसमोर रांग लागते, टेम्पोवाला दुप्पट सांगतो. मुहूर्ताच्या दिवशी कलश, देव, मीठ, धान्य आणि केरसुणी घेऊन जा, ओट्यावर दूध उतू घाला, गोड खा. मुहूर्त साधला. कपाटं पुढच्या मंगळवारी आली तरी वास्तुपुरुष काही रागवत नाही. त्या दुधासाठी गॅस लागेल हे मात्र आदल्या दिवशी आठवा. नव्या फ्लॅटमध्ये पाइपगॅस सुरू व्हायला वेळ लागतो, तेव्हा एक शेगडी आणि भरलेला सिलिंडर सोबत असू द्या.

सामानाचा दिवस

मुलं शाळेत असतील तर आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे एप्रिल-मे हाच सगळ्यांचा हलण्याचा हंगाम. गाडी तीन-चार आठवडे आधी ठरवा, आणि शक्यतो महिन्याचा पहिला आणि शेवटचा शनिवार-रविवार टाळा. भाड्याच्या घराला करारात लिहिल्याप्रमाणे नोटीस द्या. घरमालकाकडून अनामत परत घ्यायची तारीख लेखी घ्या. जुन्या सोसायटीतूनही सामान बाहेर काढायला गेटपास लागतो, तो आदल्या दिवशीच काढून ठेवा.

पॅकर्सना फोनवर भाव विचारू नका, घरी बोलावून सामान दाखवा. कोटेशनमध्ये मजला, लिफ्ट आहे की नाही, पलंग-कपाट सोडणं आणि जोडणं, एसी काढणं, जीएसटी, विमा हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. वाराई, म्हणजे उतरवणाऱ्यांची मजुरी, कोण देणार तेही त्यातच. नव्या इमारतीच्या दारात पोचल्यावर ‘आम्ही फक्त खाली उतरवू, वर न्यायचे वेगळे’ असं ऐकवलं जातं, आणि तेव्हा तुमचं घर त्यांच्या गाडीत असतं. पूर्ण रक्कम आगाऊ कधीही देऊ नका. दुसऱ्या गावाहून येणार असाल तर प्रत्येक खोक्याची यादी आणि तिच्यावर त्यांची सही हवी. पुण्याच्या पेठांतून निघणार असाल तर मोठा ट्रक गल्लीत येणारच नाही, छोटा हत्ती दोन खेपा करेल असं धरून हिशोब करा.

नव्या इमारतीची सर्व्हिस लिफ्ट त्या दिवशी मिळेल का, किती ते किती, हे मॅनेजरकडून लिहून घ्या. आणि मोजा: लिफ्टचं दार, फ्लॅटचं दार, आतला पॅसेजचा वळसा. आजोबांचं सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, हे बाराव्या मजल्याच्या घराला निघताना कळून उपयोग नाही. जे मावणार नाही त्याचा निकाल जुन्या घरीच लावा.

भरताना पुस्तकं छोट्या खोक्यांत, हलकं सामान मोठ्यांत. खोक्यावरचं नाव वरच्या बाजूला लिहू नका. एकावर एक रचले की ते दिसत नाही. दोन बाजूंना मोठ्या अक्षरात खोली आणि नंबर लिहा: ‘स्वयंपाकघर ७’. त्या नंबरात काय आहे ते फोनवर टिपून ठेवा. ताटल्या आडव्या न रचता उभ्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं घालून. लोणच्याची बरणी, तेलाचा डबा आणि तूप तुमच्या गाडीत, मांडीवर. डाळ-तांदळाचा साठा महिनाभर आधीपासून आटवत आणा. पूर्ण भरलेला पत्र्याचा डबा उचलताना हमालाच्या कपाळावर येणारी आठी टाळता येते.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवा. नेताना उभाच न्या, आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला नवं असताना मागे वाहतुकीचे बोल्ट होते. ते जपून ठेवले असतील तर आता लावा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करू नका. दागिने, मूळ कागदपत्रं, हार्ड डिस्क, औषधं आणि देव कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत.

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी भरा आणि ती सगळ्यात शेवटी गाडीत चढवून सगळ्यात आधी उतरवा. चहा-साखर-दूधपावडर, एक पातेलं, गाळणं, चार कप, काडेपेटी, कुकर, वाटीभर तांदूळ आणि मूगडाळ, चाकू, टॉवेल, साबण, बादली-मग, एक्स्टेंशन बोर्ड, दोन एलईडी बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, चादरी, पंधरा दिवसांची औषधं. त्या रात्री खिचडी घरीच करा. नव्या पत्त्यावर बाहेरून मागवलेलं जेवण पोचवणारा मुलगा चुकीच्या विंगखाली उभा राहून अर्धा तास फोन करत बसतो.

सामान आलं की आधी स्वयंपाकघर आणि पलंग लावा, बाकी आठवडाभर राहिलं तरी चालतं.

पत्ता बदलण्याचा क्रम

विजेचं मीटर सुरुवातीला बहुधा बिल्डरच्या नावावर असतं. महावितरण असो, मुंबईतली बेस्ट, अदानी किंवा टाटा, नावबदलाचा अर्ज आधी करा. सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा) आणि ताबापत्र हाताशी ठेवा. हे पहिलं का, तर तुमच्या नावाचं वीजबिल आलं की आधारवरचा पत्ता बदलतो, आणि आधार बदललं की बँक, विमा, वाहन परवाना सगळ्यांचं सुरळीत होतं. गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. मतदार यादीसाठी नमुना ८ भरा. नमुना ६ नव्या मतदारांसाठी आहे, स्थलांतरासाठी नाही.

त्याच शहरात राहणार असाल आणि गॅस कंपनी तीच असेल, तर सिलिंडर-रेग्युलेटर सहसा परत द्यावं लागत नाही, एजन्सी बदलून मिळते. दुसऱ्या गावी जाताना ते जमा करून अनामत परत घ्यायची आणि नव्या गावी पुन्हा भरायची. पाइपगॅस सुरू झाल्यावर शेगडीचे जेट बदलावे लागतात, कारण सिलिंडरच्या गॅसची भोकं वेगळ्या मापाची असतात. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागत नाही. पीटी-३ अर्ज भरून तिथे स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. पहिलं बिल हातात आलं की सवलत लागली आहे का ते बघा. नसेल तर लगेच क्षेत्रीय कार्यालय गाठा.

मग जूनची वाट पाहा. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्यांचे खालचे कोपरे, बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजू, बाथरूमच्या मागची भिंत आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर छत, एवढं बघून घ्या. ओल दिसली तर फोटोवर तारीख येईल असं बघून त्याच जुन्या ईमेलच्या उत्तरात यादी वाढवून बिल्डरला पाठवा. पाच वर्षांची मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत एक पावसाळा घालवू नका.